उजवी तिरकी

आबांनी पट्टा आवळला, खाकी टोपी कपाळावर घट्ट बसवली, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

"घे," म्हणाले.

मी घेतलं. इंजिनाने आवाज चढवला, माळावरचं वाळलेलं गवत मागे पळू लागलं, शेपूट उचललं आणि चिंचांच्या शेंड्यांवरून आम्ही दोघं आभाळात गेलो. मी एका डोळ्याने समोर आणि एका डोळ्याने आबांकडे बघत होते. विमान जमीन सोडतं तेव्हा पोटात गोळा उठतो आणि तो भल्याभल्यांना चुकत नाही. आबांच्या मिशीचा केससुद्धा हलला नाही.

आबा घाबरले होते म्हणून डोळे मिटून बसले होते, असं कुणी समजू नये. ती परीक्षा होती आणि परीक्षेला मी बसले होते.

आबा, म्हणजे माझे वडील शिदोजी लोखंडे, आमच्या मांडव्याच्या एसटी डेपोत नव्या ड्रायव्हरांची चाचणी घ्यायचे. आधी कंडक्टर, मग ड्रायव्हर, मग ड्रायव्हरांना पास-नापास करणारे, असे ते चढत गेले होते. सगळा डेपो त्यांना लोखंडेमामा म्हणायचा. चाचणीची त्यांची रीत एकच. उमेदवाराला भरल्या गाडीसकट पांढरीच्या घाटात न्यायचं, आपण त्याच्या शेजारी बसायचं आणि डोळे मिटायचे. गाडी कशी चालली आहे हे डोळ्यांना फसवता येतं, पोटाला फसवता येत नाही, असं त्यांचं मत होतं. घाट उतरेपर्यंत डोळे मिटलेले राहिले तर पोरगा पास. मध्येच कुठे आबांना डोळे उघडावे लागले, तर तो नापास, मग पुढच्या वळणावर त्याने काय केलं याला काही अर्थ नसे. डेपोत कुणाचं लग्न मोडलं, कुणाची बदली झाली, कुणाचं दूध नासलं, तरी लोक म्हणायचे, "मामांनी डोळे उघडले."

आमच्या घरातसुद्धा एसटीचाच कारभार होता. दाराची कडी कुणी वाजवत नसे. दारावर दोन टकटक म्हणजे चला, जेवायला वाढलंय. एक टक म्हणजे थांबा, पाहुणे बसलेत. मी शाळेत जायला निघाले की आबा आतून भिंतीवर दोनदा बोट आपटायचे आणि मी पायरी उतरायचे. असल्या घरातली पोरगी विमान शिकायला निघाली, तर लोकांनी काय काय म्हटलं असेल ते सांगत बसत नाही. सरकारी शिष्यवृत्ती होती, आमच्यापासून जवळच माळावर फ्लाइंग क्लब होता आणि मी हट्टी होते. तेवढं पुरलं.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मला पक्कं वाटायचं की आपल्याला विमान येतं. आयुष्यभर विमानं चालवून निवृत्त झाले तरी आजही तसंच वाटतं. फरक एवढाच की आता लोकही तसं म्हणतात.

पहिलं लायसन्स हातात पडलं आणि त्याच महिन्यात इस्लामपूरचं स्थळ आलं. माणसं चांगली होती. मुलगा ट्रॅक्टरच्या एजन्सीत होता, दिसायला बरा होता, बोलायला गोड होता. त्यांची अट एकच होती, सुनेने विमान चालवायचं नाही. आईला ती अट म्हणजे देवाचा कौल वाटला. इकडे क्लबचे मुख्य शिक्षक कॅप्टन रेगे मला पुढच्या लायसन्ससाठी, म्हणजे पोटापाण्याला विमान चालवता यावं म्हणून, तयार करायला बसले होते. दोन्हीकडून हो-नाही करायचं होतं ते आबांना. आबांनी चार दिवस घेतले. मग एका सकाळी दाढी करता करता आरशातूनच मला म्हणाले, "मी तुझ्याशेजारी बसतो. घाटाचा कायदा तुला बी त्योच. डोळं मिटल्यालं ऱ्हायलं तर तू उड. उघडलं तर इस्लामपूर."

मी म्हटलं, "कबूल."

ही गोष्ट दुपारच्या चहाआधी डेपोभर झाली.

आता मला घाबरायचं कारण नव्हतं, असं मी म्हणेन आणि ते जवळजवळ खरं आहे. सरळ उडण्यात, वळण्यात, चढण्यात मी आबांना पापणी हलवू देणार नव्हते. पण एक गोष्ट होती. आमच्या माळावर उतरायचं म्हणजे तिरकी घ्यावी लागे.

धावपट्टी आखूड होती. उत्तरेला टेकडी होती, म्हणून उतरताना यायचं ते दक्षिणेकडूनच. आणि दक्षिणेच्या तोंडावर दोन जुन्या चिंचा उभ्या होत्या. त्यांच्याखाली म्हसोबा होता, त्यामुळे त्या तोडायचं नाव कुणी काढत नव्हतं. चिंचांवरून उंच यायचं आणि लगेच खाली उतरायचं, नाहीतर पट्टी संपून टेकडी समोर यायची. नुसतं नाक खाली घातलं तर विमान वेग घेतं आणि टेकायलाच तयार होत नाही. मोठ्या विमानांना अशा वेळी पंखांच्या मागच्या कडा खाली सोडून वेग मारता येतो. आमच्या कापडी पंखांच्या जुन्या विमानांना तसलं काही नव्हतं. मग डावा पंख खाली टाकायचा आणि उजवा पाय दाबून नाक उजवीकडे रोखून धरायचं. पंख म्हणतो डावीकडे वळ, शेपूट म्हणतं वळायचं नाही. त्या भांडणात विमान कुणीकडेच वळत नाही. अंग वाऱ्याला आडवं करून, वेग न वाढवता, होतं त्याच रेषेत खाली खाली येतं. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई बोळातून तिरकी होऊन जाते, तसं. जमीन जवळ आली की सरळ करायचं आणि टेकायचं. इंग्रजी पुस्तकात याला स्लिप म्हणतात. आम्ही तिरकी म्हणायचो. आमच्या क्लबची पोरं बाहेर कुठे उतरली आणि लांबलचक पट्टी समोर असली, तरी सवयीने तिरकी घ्यायची आणि तिथले लोक हसायचे.

आबांच्या लेखी मात्र वाहन आडवं जाणं म्हणजे सगळं संपणं. ओल्या चिकणमातीवर एसटी आडवी घसरते तेव्हा ड्रायव्हरच्या हातात काही उरत नाही. आबांचा एक जिवाभावाचा दोस्त तसाच गेला होता. कॅप्टन रेग्यांना हे मी सांगितलं तेव्हा ते मवाळपणे म्हणाले की त्या दिवसापुरता आपण दुसरा काही मार्ग काढू, सकाळी थंड हवेत जा, चिंचांना अगदी लगटून ये, मग तिरकी लागणार नाही. मी नको म्हटलं. आबांना मी रोज करते तेच दाखवायचं होतं. तिरकी इतकी हळू घेईन की त्यांना कुशीवर वळल्यासारखं वाटेल, असा माझा हिशेब होता. म्हणून त्या चैत्रातल्या दुपारी, कडक ऊन उतरणीला लागल्यावर, आम्ही निघालो.

वर मजेत गेलं. मी ओढा ओलांडला, साखर कारखान्याला वळसा घातला, मांडव्यावर आले. खाली डेपोची पत्र्याची शेड चमकत होती आणि आवारात लाल गाड्या ओळीने उभ्या होत्या. मला राहवलं नाही.

"आबा, खाली आपला डेपो दिसतोय," मी ओरडून सांगितलं.

"आसू दे," आबा म्हणाले. "मी रोज बघतो."

डोळे बंदच. मला हसू आलं. मनातल्या मनात मी इस्लामपूरकरांना नारळ देऊन वाटेला लावलं आणि माळाकडे वळले.

तेव्हा कारखान्याच्या धुराकडे लक्ष गेलं. आमच्याकडे वारा पश्चिमेचा, बारा महिने. कारखान्याचा धूर नेहमी पूर्वेला, ओढ्याकडे जायचा. आता तो वाकडा होऊन पश्चिमेला पडला होता आणि पूर्वेकडच्या डोंगरावरून लाल धुळीचा एक पडदा माळाकडे सरकत येत होता. वळवाची हवा. पाऊस येईल न येईल, पण धूळ पट्टीवर पोचली असती तर मला पट्टी दिसली नसती. दुसरं विमानतळ लांब होतं आणि ते त्या धुळीच्या पलीकडेच होतं. म्हणजे इथेच, आणि आत्ताच.

चिंचांवरून मी मुद्दाम थोडी जास्त उंच आले, कारण हवा उसळत होती. पॉवर कमी केली, इंजिन शांत झालं आणि सवयीने डावा पंख खाली टाकून उजवा पाय दाबला. आबा घसरून माझ्याकडे आले, त्यांचा खांदा माझ्या खांद्याला घट्ट लागला. मांडीवरचे हात मांडीवरच होते, फक्त बोटं पांढरी पडली होती. डोळे बंद.

आणि पट्टी माझ्या हातातून निसटायला लागली. उजवीकडून येणारा वारा आम्हाला ढकलत होता आणि मी डावा पंख खाली टाकून त्याच्याच बाजूने झुकले होते. चुन्याने रंगवलेले दगड पट्टीच्या कडेला होते, ते माझ्या खिडकीतून पोटाखाली सरकले आणि पलीकडे गेले. खाली बाभळीचं रान आलं. मी सगळं सरळ केलं, पॉवर दिली आणि टेकडीच्या पुष्कळ आधीच डावीकडे वळून वर निघाले.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"जमलं न्हाई. परत घेते."

"घे," म्हणाले. आवाज तोच आणि डोळेही तसेच बंद.

वळसा घालता घालता मला सगळं लख्ख दिसलं. तिरकी घ्यायची ती वाऱ्याच्या बाजूचा पंख खाली टाकून. हे पुस्तकात होतं, मी परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं. पण आमचा वारा कायम डावीकडून, उतरायचं कायम एकाच बाजूने, म्हणून आमच्या क्लबात जो तो डावीच तिरकी शिकला आणि पुढच्याला डावीच शिकवली. उजवी तिरकी असते हे सगळ्यांना माहीत होतं आणि ती आमच्यापैकी कुणी घेतलेली नव्हती. कॅप्टन रेग्यांनी शिकवली नाही, मी विचारलं नाही. तर आज उजवी. हात उलटा, पाय उलटा, बाकी तेच. मला भीती वाटली नाही. राग आला, स्वतःचा आणि ज्याला त्याला धुरासारखं एकाच बाजूला पाडणाऱ्या त्या वाऱ्याचा.

दुसऱ्यांदा चिंचांच्या रेषेत आले. धुळीचा पडदा ओढ्यावर पोचला होता. तिसऱ्या फेरीला वेळ नव्हता. पॉवर कमी केली. उजवा पंख खाली टाकला, डावा पाय दाबला. विमानाने नाक डावीकडे फिरवलं, अंग आडवं केलं आणि शहाण्यासारखं खाली यायला लागलं. वाऱ्याला आता टेकू मिळाला होता, आम्ही रेषेत होतो. मी बरोबर होते.

फक्त मला पट्टी दिसेना.

नाक डावीकडे गेलं की पट्टी उजवीकडच्या खिडकीतून बघावी लागते. डाव्या तिरकीत ती माझ्याच खिडकीत यायची, त्यामुळे हा विचार कधी डोक्यातच आला नव्हता. आणि उजवीकडच्या खिडकीत आबा होते. सगळे आबा. घसरून दाराला लागलेला रुंद खांदा, खाकी टोपी, मिशी, आणि घट्ट मिटलेले डोळे. त्यांच्या टोपीच्या वरून टेकडी दिसत होती, खांद्याच्या मागून आभाळाचा तुकडा. ज्या दोन गोष्टी मला हव्या होत्या, चिंचा आणि पट्टीची कड, त्या दोन्ही आबांच्या पलीकडे होत्या.

"आबा, मागं रेला."

आबा मागे रेलले. पट्टीचा पलीकडचा निम्मा भाग दिसला. चिंचा नाहीत.

मी तेव्हा काय करू शकत होते ते सांगते. अंदाजाने जाऊ शकत होते. चिंचांवरून मी इतक्यांदा आले होते की डोळे बांधले तरी त्या कुठे असतील ते सांगितलं असतं, निदान शांत हवेत. माझ्या मनाने मला तसं सांगितलंही, की चल, तू शहाणी आहेस, जमेल. आबांचे डोळे बंद आहेत, थोडकं राहिलंय, तू पास होणार आहेस. पण हवा शांत नव्हती, विमान वर-खाली होत होतं आणि चिंचा जागच्या हलणार नव्हत्या. शेजारी माझा बाप होता. त्या घटकेला मला इस्लामपूर अगदी स्वच्छ दिसलं, ट्रॅक्टरच्या दुकानासकट. उडायचं सुटणार, ते माझ्याच तोंडाने सुटणार, हे मला पुरतं कळत होतं आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

"आबा," मी म्हटलं, "डोळं उघडा."

आबा हलले नाहीत.

"मला तुमच्या बाजूचं दिसत न्हाई. डोळं उघडा आणि खाली बघा. चिंचा हायत का गेल्या ते सांगा. पांढरे दगड सुटाय लागले तर सांगा."

आबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलंच नाही. मान वळवून खिडकीला टोपी टेकवली आणि खाली बघायला लागले, पांढरीच्या घाटात धुकं असलं की कंडक्टर दारात लोंबकळून बघतो तसे. विमान आडवं होऊन खाली चाललं आहे, आपण दाराशी चिणले गेलो आहोत आणि दारापलीकडे काही नाही, याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

"चिंच हाय," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "हाय आजून. बुडाखाली आली."

मी तिरकी धरून ठेवली. डाव्या पायाला हे काम नवं होतं.

"गेली," आबा म्हणाले आणि बोलायचं थांबले. त्याऐवजी त्यांनी दारावर बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं.

टक टक.

मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. चला. मी खाली येत राहिले.

टक टक. दगड जागेवर आहेत, रस्ता मोकळा आहे, चला.

टक टक.

खालची माती वर यायला लागली. धुळीचा वास आला. मी आबांच्या दाराकडे कान लावून आणि समोरच्या टेकडीकडे डोळे लावून विमान उतरवत होते. तसं मी आधी कधी उतरवलं नव्हतं आणि नंतरही नाही.

टक.

एकच. थांबा, जमीन आली. मी उजवा पाय देऊन नाक सरळ केलं आणि पट्टी समोर आली, जिथे असायला हवी होती तिथेच. पंख तेवढा वाऱ्याकडे थोडा झुकता ठेवला. उजवं चाक टेकलं, मग डावं, मग शेपूट. टेकडीच्या बरंच अलीकडे विमान थांबलं. इंजिन बंद करेपर्यंत धूळ आमच्या अंगावर आली आणि सगळं लाल झालं.

कॅप्टन रेगे आणि फिटर पळत आले आणि पंख धरून उभे राहिले. धूळ निघून गेल्यावर आम्ही चौघांनी विमान ढकलत शेडमध्ये नेलं. रेग्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की उजवी तिरकी कुणी शिकवली. मी म्हटलं, आत्ताच शिकले. ते म्हणाले, "माझ्याकडून राहून गेलं ते." दुसऱ्या दिवसापासून क्लबातला प्रत्येक जण, स्वतः रेगे धरून, शेजारी जाडा माणूस बसवून उजवी तिरकी शिकला.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी आबा रेग्यांना रामराम करून फाट्याच्या दिशेने चालायला लागले आणि मी त्यांच्या मागून. त्यांनी टोपी झटकली, मिशीतली धूळ रुमालाने पुसली, शेताच्या बांधावर एकदा थांबून विडी ओढली. विमानाबद्दल एक अक्षर नाही. मी तरी काय विचारायचं होतं? डोळे उघडले होते. घाटाचा कायदा मला पाठ होता आणि मी कबूल म्हटलं होतं. चालता चालता मी एकदा मागे वळून चिंचांकडे बघितलं आणि डोळ्यांत पाणी आलं ते धुळीवर ढकललं.

फाट्यावर मांडव्याची गाडी उभीच होती. कंडक्टर खरमाटे दारात होता, आबांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने आम्हाला बघितलं आणि जागा करून द्यायचंही विसरला.

"मामा, काय झालं?" त्याने विचारलं. "डोळं उघडलं?"

गाडीतली दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. डेपोभर झालेली गोष्ट गाडीभरही झालेली दिसत होती.

"उघडलं," आबा म्हणाले.

खरमाटेने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. चांगला माणूस होता. मी आत जाऊन बसले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

आबा बसले नाहीत. दांड्याला धरून उभे राहिले. "खरमाटे," म्हणाले, "तू माझ्यासंगं चाचणीला पांढरीच्या घाटात किती येळा आलास?"

"लई येळा, मामा."

"धुकं आसायचं?"

"मस्त आसायचं. हात दिसायचा न्हाई."

"मग ज्या पोरांना आपण नापास केलं, त्यातला एक तरी मला म्हणाला का, मामा, डोळं उघडा, मला तिकडचं दिसत न्हाई?"

खरमाटेने मान हलवली. "एक बी न्हाई. म्हणंल कशाला? नापास व्हायचं भ्या."

"नापास व्हायच्या भ्यानं आंधळं चालवत ऱ्हायाचं आणि मग मी डोळं उघडायचो," आबा म्हणाले. "ही म्हणाली, उघडा. नापास हुणार म्हायती आसून म्हणाली." मग इतका वेळ टाळलेलं त्यांनी केलं, माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे लाल झाले होते, आणि ते धुळीने नव्हते, एवढं मलाही कळलं. "हिच्या गाडीत मी भरल्या संसारासकट बसंन."

मी खिडकीकडे सरकून शेजारी जागा केली.

"उद्या इस्लामपूरला ड्युटी तुझीच न्हवं?" आबांनी खरमाटेला विचारलं. "ट्रॅक्टरवाल्यांकडं निरोप दे. म्हणावं, पोरगी ड्युटीवर हाय."

आणि हात उंच करून, खरमाटेच्या डोक्यावरून, त्यांनी घंटीची दोरी दोनदा ओढली. गाडी हलली. आबा माझ्या शेजारी येऊन बसले आणि सवयीने डोळे मिटून घेतले.

बराच वेळ गेल्यावर, मला वाटलं त्यांना झोप लागली, तेव्हा डोळे मिटलेले ठेवूनच ते म्हणाले, "डेपो तेवढा वरनं बघायचा ऱ्हाऊन गेला. आयतवारी मोकळी हायस का?"